तडकलेल्या बर्फाची खिडकी

आईच्या मागे तिची एकच पाटली उरली होती. माझ्या लग्नात अंगावर तिचं काहीतरी असावं म्हणून ती मोडून मी पदक करायला टाकलं. साल बावन्न असेल. नक्षी मीच काढली, एका फोटोवरून. श्रीपादमामा लढाईआधी सिंगापुरात नोकरीला होता. त्याच्याकडच्या फोटोत एका चिनी बागेची भिंत होती. भिंतीत गोल खिडकी, आणि तळ्यावरचा बर्फ तडकावा तशा तिच्या वाकड्यातिकड्या पट्ट्या. मधून पलीकडचा बांबू दिसायचा.

घरचं सोनं विस्तवात असताना घरच्या बाईने सोनारासमोर बसायचं, नजर हलवायची नाही, अशी आमच्याकडची रीत. म्हणून कल्याणहून सरोजआत्या आली. लग्न दुसऱ्याच दिवशी होतं.

ठाण्याच्या दुकानात गोपीनाथशेठ सोनारांनी तारा मांडल्या, सांधे जोडायला त्यांवर डाखाचे कण ठेवले. म्हणाले, "आता कोणी बोलू नका. झळ जास्त लागली तर तारांचा गोळा होईल. मग नवरीला उद्या गोळाच बांधा."

त्यांनी फुंकणी तोंडात धरून दिव्याची ज्योत तारांवर वळवली. आत्या पुढे वाकली.

"अगं बाई! हे तर तडकलंय."

"नक्षीच तशी आहे, आत्या."

"भंगलेला दागिना नवरीच्या गळ्यात? आणि तोही वहिनीच्या सोन्याचा? शेठ, थांबवा! वितळलं तर वितळू दे."

शेठना बोलता येईना. गाल फुगलेले, तारा लाल झालेल्या. आत्याने त्यांच्या हाताकडे हात नेला. मी तिचं मनगट धरलं. तिची बांगडी माझ्या तळव्यात रुतली, तरी सोडलं नाही.

"आत्या, नजर हलवू नकोस. सोनं विस्तवात आहे."

ती जागच्या जागी थिजली. डाख पाण्यासारखा धावला. कडेची एक तार झुकू लागली. शेठनी झळ बाजूला केली.

पदक टिकलं, ती तार तेवढी झुकलेलीच राहिली. निवल्यावर आत्याने ते डोळ्याशी धरून पट्ट्यांमधून बराच वेळ रस्त्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डोंबिवलीला मांडवात सासूबाई जवळ आल्या. "पदक तडकलेलं दिसतंय."

उत्तर आत्याने दिलं.

"तडकलं नाही हो, विहीणबाई, खिडकी आहे ती! पडदा हवा असेल तर तो तुमच्याकडून लावा."

बायका हसल्या, सासूबाईही. आत्या नाही हसली. तिने माझ्या मंगळसूत्राचे काळे मणी हळूच ओढून पदकाच्या त्या झुकलेल्या तारेवर घेतले.