नांदवलेली सुंगटं

रुचिराने टाकीत पाच कोळंब्या सोडल्या त्याच दिवशी मला सांगून टाकलं, “या पाच जणी इथे नांदल्या तर मीही नांदेन. नाहीतर दहिसरला एक खोली बघून ठेवलीय मी.”

ती थट्टा करत नव्हती. विक्रोळीतल्या आमच्या वन रूम किचनमध्ये ती आणि माझी आई एका ओट्यापाशी उभ्या राहिल्या की मला टीव्हीचा आवाज वाढवावा लागे. मी एकुलता एक, वडील गेलेले, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला दोघी एकाच घरात हव्या होत्या. एवढंच मागणं होतं माझं, आणि ते काही जगावेगळं नव्हतं.

टाकी खाऱ्या पाण्याची, देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली. कोळंब्या लाल पाठीच्या, पाठीवर मधोमध पांढरी रेघ, सोबत दोन नारिंगी मासे. आई मालवणकडची. तिने पहिल्याच दिवशी विचारलं की ही सुंगटां कालवणात कधी घालायची. रुचिरा हसली नाही. हसायला हरकत नव्हती, आई खरंच गंमत करत होती.

रुचिराने घाटकोपरच्या दुकानदाराला विचारून विचारून भंडावून सोडलं होतं. लांब नांग्यांची जात घ्यायची नाही, ती दुसरीला जगू देत नाही. प्रत्येकीला दगडात स्वतःची कपार हवी. खाणं चिमट्याने एकेकीला द्यायचं, म्हणजे ओढाओढ होत नाही. आणि एखादीने कात टाकली की तिला अजिबात छेडायचं नाही, कारण तेव्हा तिचं अंग मऊ असतं आणि बाकीच्या तिचे लचके तोडतात. मी म्हटलं, यातलं थोडं आपल्या स्वयंपाकघरात करून बघ ना. ती म्हणाली, तिथे कपार कुठे आहे?

एका दुपारी मी साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये असताना आईचा फोन आला. एक सुंगट गेलं होतं आणि सून तिलाच बोल लावणार होती. रुचिरा माझ्याआधी घरी पोचली. मी दारात आलो तेव्हा दोघी टाकीला नाक लावून बसल्या होत्या. ते मेलेलं सुंगट म्हणजे नुसती कात होती. खरी बाई मागे कपारीत दडून बसली होती. आई म्हणाली, “म्हणजे बाळंतीणच ही.” तिने लगेच टाकीवर टॉवेल टाकला, बाळंतिणीच्या खोलीला पडदा लावतात तसा. त्या रात्री टीव्हीचा आवाज मी कमी केला. इतका आनंद मला लग्नातही झाला नव्हता.

पुढे रुचिराला तिच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी मुलुंडला माहेरी जावं लागलं. टाकीतलं पाणी उडून कमी होतं, ते रोज थोडं भरावं लागतं. जाताना घाईत तिने आईला बजावलं, “नळाचं नको हं. शुद्ध पाणी घाला.” तिच्या मनात सिंकखालच्या कॅनमधलं फिल्टरचं पाणी होतं.

आईच्या लेखी शुद्ध पाणी एकच. तिने मला माळ्यावरून तिच्या लग्नातली तांब्याची कळशी काढायला लावली, आमसुलाने घासून लख्ख केली, रात्री भरून ठेवली आणि सकाळी फडक्याने गाळून तेच पाणी टाकीत घातलं. रोज तिचा हा नेम. मी कौतुकाने बघत होतो. सुनेच्या कोळंब्यांसाठी आई कळशी घासते म्हटल्यावर मला वाटलं, जिंकलो.

मग आईने फोन करून रुचिराला सांगितलं की पाचही जणींनी एकदम कात टाकली आहे, पांढरी पांढरी तळाशी पडली आहे, आणि तिने टॉवेल टाकून ठेवलाय, कुणाला हात लावू देत नाही. मलाही लावू दिला नाही.

रुचिरा आली, चपलाही न काढता तिने टॉवेल उचलला. मासे मजेत फिरत होते. कपारी रिकाम्या होत्या. तळाशी होती ती कात नव्हती.

पाणी कुठलं घातलंत, तिने विचारलं. आईने अभिमानाने कळशी दाखवली. रुचिरा हळू आवाजात म्हणाली की कोळंबीला तांबं विषासारखं असतं.

आईने ‘विष’ तेवढा एकच शब्द ऐकला. तिने त्याच कळशीतलं पाणी पेल्यात ओतलं आणि रुचिरासमोर उभ्याने घटाघटा पिऊन टाकलं. “जन्मभर ह्याच पाणी पितंय. माका काय झाला? मी ईख घातलंय म्हणतंस?”

रुचिरा आत गेली. बॅग भरताना मला म्हणाली, “त्यांनी मुद्दाम केलं असतं ना सौरभ, तर मी भांडले असते, आणि भांडून राहिले असते. माया करताना हे होतं तिथे मी कुणाशी भांडू?”

ती दहिसरला गेली. तू येऊ शकतोस, म्हणाली. आईला हे असं अंधुक दिसतं, तिला सोडून मी कसा जाणार?

मी घाटकोपरला जाऊन दुकानदाराला विचारलं, सगळं पाणी बदललं तर? तो म्हणाला, तांबं दगडात मुरतं, वाळूत मुरतं, हळूहळू परत सुटत राहतं. मासे ठेवा, पण या टाकीत आता कोळंबी जगेल याचा भरवसा धरू नका. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं.

घरी आलो तर कळशी माळ्यावर गेली होती, पालथी. आईने स्वतः चाचपडत जिना उतरून खालच्या दुकानातून नवा कॅन आणवला होता आणि वाटीने टाकीत पाणी घालत होती, थेंब सांडू न देता.

“तिका सांग,” माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “आता कॅनातलाच घालतंय. सुंगटां घेऊन ये म्हणा.”

मी म्हटलं, सांगतो.