शेवटच्या झोपडीतला विस्तव

तोमिएने राखेला हात लावला आणि झटकन मागे घेतला. राख गरम होती.

वासे किडले म्हणून ही झोपडी उन्हाळ्यापासून बंद होती. उद्या ती पाडायची, म्हणून आतल्या चटया काढायला तोमिए आली होती.

जपानच्या आदिम जोमोन लोकांचं हजारो वर्षांपूर्वीचं गाव या टेकडीत सापडलं, तेव्हा सरकारने तिथे तशाच गवती झोपड्या उभ्या केल्या; निम्म्या जमिनीत, वाकून शिरायच्या. धूर नसला की छपराचं गवत कुजतं. रोज सकाळी झोपड्यांमध्ये विस्तव करायचा, हे तोमिएचं काम. नवरा गेल्यावर सफरचंदाची बाग झेपेना, म्हणून बाग विकून ती इथे कामाला लागली. घरी एकटीपुरती शेगडी ती पेटवतही नसे.

"भाऊजी, शेवटच्या झोपडीत तुम्ही विस्तव केलात?" तिने पहारेकरी नारिताला विचारलं.

"मी कशाला मरायला जातोय तिकडे? तुम्हीच पेटवून विसरला असाल. वय झालं, वहिनी."

ती परत आत गेली. विस्तवापलीकडे भुसभुशीत मातीवर कुणीतरी बसून उठल्याचा ठसा होता. त्याला चिकटून दुसरा, लहानसा. तिने तळवा टेकवला. तीही जागा उबदार होती.

अंगावर काटा आला, पण पाय निघेना. ती समोर बसली. बाहेर पान हलत नव्हतं; आत कुणी श्वास सोडावा तशी राख हलली.

"उद्या हे पाडणार आहेत," ती शेजारणीशी बोलावं तशी म्हणाली. "पलीकडच्या झोपडीचं छप्पर धड आहे. सकाळी ऊबही असते. पोराला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी दाट धुक्यात मजूर दोर घेऊन आले.

"काकू, बाजूला व्हा," मुकादम कासाई म्हणाला.

"जरा थांबा."

तिने दाराची चटई वर धरली, बाजूला सरकली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. मग आणखी खाली वाकली. नजर गुडघ्याएवढ्या उंचीवर स्थिरावली आणि हळूहळू वाटेकडे वळत गेली.

"आत कोण आहे?" कासाईने विचारलं.

"आता कुणी नाही," असं म्हणून तिने चटई सोडली आणि सरपण उचलून ती धुक्यात निघून गेली.

कासाईने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. दोर वाशांना बांधून झाले, पण पहिला हिसका द्यायला बराच वेळ कुणी पुढे होईना.