गुरम्माची पाटी आणि दिवेलागणीची भाजी

मित्रांनो, आता माझ्यात गोवऱ्या ठेवतात. त्यामुळे मी एके काळी भाजीची पाटी होते, असं सांगितलं तर तुम्हाला हसू येईल. हसा खुशाल! एका बुरडाने बांबूच्या कांबी विणून मला घडवलं आणि गुरम्मा माळणीच्या डोक्यावर बसून मी पंधरा वर्षं सोलापूर पाहिलं. गिरणीच्या भोंग्यावर सारं गाव चालायचं, तेव्हाची ही गोष्ट.

मी मूळचीच चौकस. कोणाच्या घरी काय शिजतंय, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नसे. गिरणीच्या चाळीत मात्र मी चक्रावून जाई. प्रत्येक दारातून भाताचा, मिरचीचा आणि चहाचाच वास! मंडई लांब होती आणि कोपऱ्यावरच्या दुकानात हिरवं पान दिसत नसे. आम्ही दुपारी जायचो, तेव्हा बाया गिरणीत असत. दिवे लागल्यावर पाल्याला हात लावायचा नाही, अशी गुरम्माच्या सासूची शिकवण होती. म्हणून दिवस कलला की उरलेली भाजी ती चाळीतल्या म्हशीपुढे टाकी आणि घर गाठी. त्यानंतर भोंगा वाजे. म्हैस तेवढी तुकतुकीत झाली होती.

एका संध्याकाळी म्हशीकडे जायच्या आधीच गुरम्माची वहाण तुटली. मला चाळीच्या तोंडाशी ठेवून ती वहाणेचा अंगठा शिवत बसली आणि तिथेच दिवे लागले. भोंगा वाजताच चाळीतली सहा वर्षांची हेमावती आईकडे धावत सुटली आणि थेट माझ्यात पडली.

"पोरी, एवढी मोटी पाटी दिसली न्हाय व्हय?" गुरम्मा खेकसली.

"दिवस बुडला की मला कायबी दिसत न्हाय, अज्जी."

मागून तिची आई शांतम्मा आली. "नजर लागलीया, अक्का. मीठ-मिरच्या ओवाळून दमले."

"नजर कसली! हे रातांधळं हाय. हिला पालेभाजी घालती का?"

"कुटली घालू? मी सुटायच्या आत तुमी जाताय की!"

गुरम्माने दुकानातल्या पेटलेल्या कंदिलाकडे पाहिलं, मग पोरीच्या उघड्या डोळ्यांकडे.

"सासू वरनं बघत असंल तर बघू दे," असं पुटपुटत तिने राजगिऱ्याच्या आणि शेवग्याच्या पाल्याच्या जुड्या शांतम्माच्या ओटीत टाकल्या. दुसऱ्या दिवसापासून आम्ही भोंग्याच्या वेळेलाच जाऊ लागलो. म्हैस लई रुसली.

महिनाभराने, अशाच कातरवेळी, हेमावती माझ्यावर वाकली आणि ओरडली, "अज्जी, ह्या जुडीत पिवळं पान हाय की!"

एरवी अशी नावं ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला गुरम्माने धुऊन काढलं असतं. त्या दिवशी तिने पदर डोळ्यांना लावला आणि ते पान स्वतः खुडून काढलं. मला तर रडूच आलं.

मित्रांनो, तुमच्या गल्लीत ताजी भाजी कधी येते आणि त्या वेळी घरी कोण असतं, एवढं एकदा विचारून पाहाल का?