बारा पिशव्या माती

"पालीच्या शिवारातली माती मी स्वतः आणतो," असं आमचे विभागप्रमुख आणि माझे पीएचडीचे मार्गदर्शक राधाकिशन सर म्हणाले, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. हा माणूस बांधावर उतरला तर फक्त फोटोपुरता.

काही शेतांत तूर उभ्या-उभ्या वाळते, काहींत तगते. अशा बारा शेतांच्या मातीत कोणत्या बुरश्या नांदतात, ते आम्हाला ओळखायचं होतं. प्रयोगशाळेत वाढवायला गेलं तर बऱ्याच बुरश्या उगवतच नाहीत; डीएनए मात्र त्यांचाही सापडतो.

सर दुपारच्या आत बारा पिशव्या घेऊन परतले.

"इतक्या लवकर, सर?"

"अनुभव, जिनत."

बाराही पिशव्यांतल्या मातीचा डीएनए मी तपासला. महिन्याभराने निकाल आला. बाराही शेतांत त्याच बुरश्या, त्याच प्रमाणात. शेजारशेजारच्या शेतांतही इतकं साम्य नसतं. शिवाय प्रत्येक पिशवीत रोटी फुगवायच्या खमिराची बुरशी, ढिगाने.

मी पाली गाठली. यादीतलं पहिलं शेत छबुबाईंचं. त्या म्हणाल्या, "कोन सर? आमच्याकडं कोनीच आलं न्हाई."

विभागाच्या गाडीचा ड्रायव्हर शहेबाज शेवटी बोलला, "मॅडम, सर मांजरसुंब्याच्या ढाब्यामागं गेलते. जेवन येईस्तोवर तिथल्या एकाच खड्ड्यातून बारा पिशव्या भरल्या."

सरांना विचारलं, तर म्हणाले, "माती म्हणजे माती. जिल्हा एकच आहे ना?"

आणि या थोर माणसाने त्याच निकालावर परिषदेत भाषण ठोकलं: 'बीडच्या मातीतील बुरशींचे अद्भुत ऐक्य'. शाल, नारळ, टाळ्या. मागच्या रांगेतून एका वृद्ध संशोधकाने विचारलं, "तुरीच्या शेतात खमीर कुठून आलं?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "तपासणी हिनेच केली. ही सांगेल."

म्हणजे चूक माझी! मी उभी राहिले. "ढाब्याच्या खरकट्यातून आलं. बाराही पिशव्या तिथल्या एकाच खड्ड्यातल्या आहेत."

सभागृह हसलं. सर मोबाइल कानाला लावून बाहेर गेले. तो वाजलाच नव्हता.

प्रकल्प त्यांच्याकडून गेला. त्यांना मात्र संशोधनातल्या सचोटीच्या समितीवर नेमलं. शोभतंच ते! माझं वर्ष वाया गेलं, मार्गदर्शक नवा शोधावा लागला. यावेळी बाराही शेतं मी स्वतः फिरले.

छबुबाई पिशवी धरून उभ्या होत्या. "एवढ्याशा मातीनं तूर कावून मरती ते कळंल?"

"लगेच नाही कळणार. पण खोटं सांगणार नाही."

त्यांनी वाळलेल्या ओळीकडे बोट केलं. "मंग हितली घे, बाई. हितूनच सुरू झालं."