वीस मिनिटांचा घटनाप्रमुख

संकटाच्या वेळी नेतृत्व एकाच माणसाच्या हाती असलं पाहिजे, हे तत्त्व आमच्या गावानं ग्रामसभेत एकमतानं मंजूर केलं. तो एक माणूस कोण, एवढ्याबद्दलच तीन मतं होती.

तत्त्व आलं आटपाडीच्या आपत्ती व्यवस्थापन शिबिरातून. घटनाप्रमुख एकच असतो, हुकूम त्यानं द्यायचा आणि बाकीच्यांनी पाळायचा, आणि पहिला तास सोन्याचा, असं तिथं दोन दिवस शिकवलं गेलं. निघताना प्रत्येक गावाला पाठीवर ‘घटनाप्रमुख’ छापलेलं एक नारिंगी जाकीट दिलं. आमच्या गावाच्या दृष्टीनं एकच जाकीट मिळणं हीच पहिली आपत्ती होती.

गावात गट तीन. डाळिंबवाले लालासाहेब, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले नानासो आणि मंडप डेकोरेशनवाले बादशहाभाई. निवडणूक बिनविरोध व्हावी म्हणून तिघांनी सरपंचपदाची पाच वर्षं वीस-वीस महिने वाटून घेतली होती. तोच तोडगा इथं कामी आला. सोन्याचा तास साठ मिनिटांचा, म्हणजे प्रत्येकी वीस मिनिटं. राजीनामा, सत्कार आणि मग पदभार, असा क्रम ग्रामसेविका उत्कर्षा मॅडमनी ठरावात नीट लिहून घेतला. आता आपत्ती तेवढी यायची राहिली होती.

ती मे महिन्यात, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी आली. पाणी सोडणारा कोंडीबा टाकी तपासायला वर चढला. पिण्याच्या पाण्यावर चपला घालून जायचं नाही हा त्याचा नेम, म्हणून अनवाणी चढला. वर गेल्यावर त्याला कळलं की झाकणाच्या कुलपाची किल्ली पंचायतीतच राहिली. परत फिरला, तर गंजलेल्या लोखंडी शिडीचा खालचा पंधरा फुटांचा तुकडा त्याच्या डोळ्यांदेखत निखळून पडला. चाळीस फुटांवर तापलेला स्लॅब, त्यावर अनवाणी कोंडीबा. त्यानं डोक्यावरची टोपी काढून पायाखाली घेतली. टोपीवर एकच पाऊल मावत होतं.

पाच मिनिटांत गाव जमलं. कोंडीबाची बायको सुलाबाई धावत आली तेव्हा लालासाहेबांना शाल घालणं चाललं होतं.

“आवं लालासाब, माणूस भाजाय लागलाय वर!”

“व्हय गं, तेच चाललंय,” लालासाहेब नारळ घेत म्हणाले. “आदी पदभार तर घिऊ दे.”

बादशहाभाईंचा टेम्पो शेजारीच उभा होता आणि त्यात मंडपाची वीस फुटी शिडी होती. सुलाबाईनं तिला हात घातला तसे बादशहाभाई आडवे आले.

“वयनी, शिडी तुमचीच हाय. पण ती माझ्या वीस मिनिटांत लागंल. आत्ता दिली तर नाव लालासाबांचं हुईल. मग माझ्या वक्ताला मी काय करू? भाषण?”

लालासाहेबांनीही शिडी नाकारलीच. त्यांनी मळ्यातून डाळिंबावर टाकायची जाळी मागवली, आठ जणांना कोपरे धरायला लावले आणि मंडपाच्या माइकवरून हुकूम सोडला, “कोंडीबा, मार उडी!”

वरून आवाज आला, “लालासाब, हिच्यातनं पाखरं सुदिक आरपार जात्यात. मी काय भोरडीपेक्षा हलका हाय व्हय?”

“भिऊ नगंस. जाळी नवी हाय.”

“तुमी मारून दावा की आदी!”

लोक हसले. बारा वाजले. उत्कर्षा मॅडमनी मुदत संपल्याचं सांगितलं. लालासाहेबांनी जाकीट घट्ट धरलं.

“सत्कारात पाच मिनिटं गेली. ती धरायची न्हाईत.”

“सत्कार तुमीच करून घेटला की रं!” नानासो ओरडले.

“लोकांनी केला. लोकांचं मन मोडू का?”

सरपंचपदाच्या वेळीही त्यांनी राजीनामा असाच चार महिने खिशात ठेवला होता. या वेळी सातच मिनिटं ठेवला, ही त्यांच्यातली सुधारणा म्हणायची. बारा वाजून सात मिनिटांनी जाकीट नानासोंच्या अंगावर आलं. त्यांनी आधी जाळी रद्द केली, मग माणसांच्या तीन रांगा केल्या, मग मोजदाद घेतली. दोन माणसं जास्त भरली. ती शेजारच्या गावची निघाली, त्यांना परत पाठवलं.

“जवान!” नानासोंनी वर पाहून पुकारलं. “उपर की रिपोर्ट दे!”

“भाजतंय!”

“किती?”

“लय!”

“घाबरू नको. सावधान हुभा ऱ्हा, धीर येतो.”

“सावधान हुभं ऱ्हायलं की दोनी पाय टेकत्यात वं!”

नानासोंना हे पटलं. त्यांनी ‘विश्राम’चा हुकूम दिला. मग कुणाकडं तरी सोल, म्हणजे जाड दोर, दिसला आणि तो वर फेकायचा ठरलं. सोल पंचवीस फुटांपर्यंत जाई आणि लालासाहेबांच्या माणसांवर पडे. तो मुद्दाम टाकला जातोय अशी लालासाहेबांची लेखी तक्रार आली. तिची पोच देण्यात नानासोंची शेवटची तीन मिनिटं गेली.

वर कोंडीबा आता नुसता पाय बदलत होता.

बारा सत्तावीसला नानासोंनी जाकीट काढून बादशहाभाईंसमोर धरलं. बादशहाभाईंनी घड्याळ पाहिलं.

“तासाला तेराच मिनिटं उरल्यात. माझी सात कुठायत?”

“लालासाबाला इचार.”

“मी न्हाई घालत. अर्धवट कारकीर्द घिऊन लोकांना काय तोंड दावू? बारा सत्तेचाळीसपर्यंत लिहून द्या.”

ठरावात दुरुस्ती करायची तर ग्रामसभा हवी. ग्रामसभेला सात दिवसांची नोटीस हवी. उत्कर्षा मॅडमनी हे नियम वाचून दाखवले. जाकीट नानासोंच्या हातात लोंबकळत राहिलं आणि वाद बारा चाळीसपर्यंत चालला. मग मॅडमनी वही मिटली.

“तास संपला. यापुढच्या वेळेची ठरावात तरतूद नाही.”

सुलाबाईनं विचारलं, “म्हंजे आता प्रमुख कोन?”

“कुणीच नाही.”

“हुकूम कुनाचा घ्याचा?”

“कुणाचाच नाही.”

सुलाबाईनं पदर खोचला, हापशावर पोतं भिजवून खांद्यावर टाकलं आणि बायकांना हाक मारली. चौघींनी टेम्पोतून शिडी ओढली. बादशहाभाई नुसते म्हणाले, “सांबाळून, वरची कडी सैल हाय,” आणि स्वतःच खांदा द्यायला गेले. पलीकडून नानासोंनी शिडी धरली. लालासाहेबांनी बुडाला पाय लावला. तिघांपैकी कुणाच्याही अंगात जाकीट नव्हतं. सुलाबाई वर गेली, तिनं तापलेल्या पायऱ्यांवर ओलं पोतं टाकत नवऱ्याला खाली आणलं. अकरा मिनिटं लागली.

संध्याकाळी उत्कर्षा मॅडम अहवाल भरायला बसल्या. छापील नमुन्यात एक रकाना होता : घटना आटोक्यात आली तेव्हा प्रमुख कोण? त्यांनी ‘पद रिक्त’ असं लिहिलं. तिन्ही गटांनी त्याला हरकत घेतली नाही.

कोंडीबाच्या दोन्ही तळपायांना फोड आले. तो चार दिवस खाटेवर होता आणि वॉल्व्ह दुसऱ्या कुणाला ठाऊक नसल्यामुळं चार दिवस गावाला पाणी आलं नाही. आमच्याकडं पाणी तसंही पाचव्या दिवशीच येतं.