हुद्दा आणि पोट

“सर, पेशंट माझ्यापेक्षा मोठ्या हुद्द्याचा असेल, तर त्याला ‘पोट कमी करा’ असं सरळ सांगायचं, की तसा विनंतीअर्ज द्यायचा?”

मुलाखतीत हा प्रश्न विचारायची या पोरीची हिंमत नाही, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. कॉलेजात हिला सगळे तोफ म्हणायचे, त्यामुळे माघार शक्यच नव्हती. पण प्रश्न सुटला, लष्करी हॉस्पिटलच्या मुलाखत समितीने लिहिणं थांबवून वर पाहिलं, आणि तोफेला वाटलं, हा गोळा आपल्यावरच उलटणार. डॉक्टर होऊन जेमतेम चार महिने झालेले. फॅमिली डॉक्टरचं पुढचं शिक्षण इथे घ्यायचं की नागरी हॉस्पिटलात, हे शुक्रवारपर्यंत ठरवायचं होतं. इथे म्हणजे तीन वर्षं शिकायचं आणि पुढची चार पाठवतील तिकडे निमूट जायचं.

समितीतल्या कर्नल डॉक्टरांनी चष्मा काढला. पोटाच्या बाबतीत तेही सुखवस्तूच होते.

“सरळ सांगायचं,” ते म्हणाले. “तो ओरडेल. ओरडू द्यायचं.”

“आणि त्याने तक्रार केली तर?”

“मी केली होती. गेल्या वर्षी, तुझ्याएवढ्याच एका डॉक्टर पोरीची.” त्यांनी खणातून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. “रीतसर चौकशी झाली. पोरगी बरोबर निघाली.”

दुसऱ्या दिवशी नागरी हॉस्पिटल. गार एसी, गरम कॉफी आणि भिंतीवर पाटी: ‘प्रत्येक पेशंट आमच्या घरचा’. तोफेने तोच प्रश्न तिथेही डागला. विभागप्रमुख गोड हसले.

“आमच्याकडे हुद्दा वगैरे भानगड नाही, बाळ.”

तेवढ्यात फोन वाजला. विश्वस्तांच्या मेहुण्याला शिंका येत होत्या. सर फोनवरच ताडकन उभे राहिले, लष्करात कुणी राहिलं नसेल इतके ताठ. पाचच मिनिटांत मेहुणा रुमाल फडकवत बाकांवरच्या पेशंटना ओलांडून पुढे आला आणि थेट आत शिरला. बाहेर एक आजीबाई हातात नंबराची चिठ्ठी धरून धापा टाकत होत्या.

“सर, नंबर त्यांचा आहे,” तोफ म्हणाली.

“अगं, त्या थांबतील. त्यांना सवय आहे.”

आणि तोफ हसली. अदबीने, दात दिसतील असं. कॉफीही संपवली.

शुक्रवारी घरी आईबाबा सज्जच बसले होते. आईला नागरी हवं होतं, कारण ते घरापासून दहा मिनिटांवर. बाबांना लष्कर, कारण वर्दीतला फोटो. हॉलमधली भिंत त्यांनी मोकळी करूनही ठेवली होती. लेकीला काय हवंय, हे विचारायचं मात्र दोघांचंही राहून गेलं होतं.

“लष्कराचा फॉर्म भरून आले,” ती म्हणाली. “सात वर्षं. कुठे पाठवतील माहीत नाही, आणि आई, मला जाम भीती वाटतेय. पण तिथे खरं बोलले तर निदान चौकशी होईल. इथे राहिले तर मी गोड हसायला शिकेन. आणि बाबा, मला ते फार पटकन जमतंय. म्हणून मी चालले.”