इलियमचा लांबशेपट्या

मी एक जुना पट्टा आहे. सामान आवळून बांधायचा, एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला लोखंडी खटका असलेला. दुकानात माझं नाव 'रॅचेट पट्टा' असं लिहिलं होतं. पण मित्रांनो, इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या आमच्या मॅन बेटावर 'रॅट' हा शब्द कुणी तोंडातून काढत नाही. निघालाच, तर शीळ घालायची किंवा लाकडाला हात लावायचा. उंदराला इथे लांबशेपट्या म्हणतात. माझ्या इंग्रजी नावाच्या सुरुवातीलाच तो शब्द दडलेला, शिवाय मागे लांब शेपूट. त्यामुळे इलियम किनिशनं मला घरी आणलं त्याच दिवशी माझं बारसं उरकलं.

इलियम आधी मासेमार होता, पुढे मोटरसायकलींची इंजिनं जुळवू लागला. मी तेव्हा भगवा होतो. आता रंग कोणता, हे मलाही सांगता येणार नाही. वीस वर्षं मी त्याच्या पिकअपच्या हौद्यात इंजिनं सांभाळली. त्याची रीत ठरलेली होती. तेल-पेट्रोल काढून टाकायचं, भोकांत चिंध्यांचे बोळे कोंबायचे, इंजिन लाकडी चौकटीवर बोल्टांनी बसवायचं आणि चौकट हौद्याच्या पुढच्या भिंतीला टेकवायची. मग चार कोपऱ्यांना आम्ही चार पट्टे. आम्ही चौकटीला धरायचं, इंजिन थंड ठेवणाऱ्या नाजूक पात्यांना शिवायचंही नाही. आणि दोन मैल गेल्यावर थांबून प्रत्येक पट्ट्याला हात लावून पाहायचा. "बांधणारा कोणीही असो, अगदी मी असलो तरी," असं तो म्हणे. आमच्या पील गावच्या बंदरावर लोक बोलत, "इलियमनं बांधलंय ना? मग काळजी सोडा." हे ऐकून मी फुगायचो. पट्ट्यानं फुगू नये, पण फुगायचो.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इलियमची मुलगी व्होरी बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतीत उतरणार होती. गाडीचा सांगाडा डग्लसला, शर्यतीच्या गावी, पोचला होता. इंजिन मात्र बापानं पाच हिवाळे खपून त्या सकाळी पुरं केलं. त्याचे सुटे भाग आता कुठेच मिळत नाहीत. ते पडून फुटलं, तर व्होरीची शर्यत तिथेच संपणार होती. चारला तिथे गाडीची तपासणी होती, त्याआधी इंजिन सांगाड्यात बसवायचं होतं, आणि पीलमध्येच बारा वाजले होते.

पुढच्या कोपऱ्यात इलियम माझा खटका ओढत होता. दोनच वेढे झाले होते. इतक्यात शेजारचा नायजेल ओरडला, "अरे, रॅट! गाडीखाली केवढा मोठा रॅट!"

"शीळ घाल, मेल्या!" व्होरी म्हणाली. "इंग्लंडहून येऊन दोन वर्षं झाली तुला, आणि आजच जीभ सुटली?"

इलियम मला तसाच सोडून कुंपणाच्या लाकडी खांबाला हात लावायला गेला. परत येऊन त्यानं मागचे दोन पट्टे चाचपले आणि हौद्याची फळी लावली. माझा खटका उघडाच राहिला. मला बोलता येत नाही. येत असतं, तरी ऐंशी वर्षांच्या माणसाला त्याची चूक कशी सांगायची, हे मला सुचलं नसतं.

इलियम घरीच थांबला आणि व्होरीनं पिकअप काढली. प्रत्येक खड्ड्याला मी बोटभर सैल होत होतो. चौकट माझ्या कोपऱ्यात हलू लागली. मला भीती वाटली, हे कबूल करतो.

इंजिन उतरवायला मदत म्हणून नायजेल सोबत आला होता. उघड्या खिडकीतून त्यांचं बोलणं ऐकू येत होतं.

"दोन मैल झाले. थांबायचं ना?" तो म्हणाला.

"आज नको, उशीर झालाय. आणि बाबांनी बांधलंय."

"अगं, मी तो शब्द बोललो ना! काही झालं तर तुझे बाबा जन्मभर मला ऐकवतील."

"मग घाल की शीळ."

"मला येत नाही."

व्होरी खळखळून हसली आणि तिनं गाडी कडेला घेतली. तिचा हात माझ्यावर आला आणि हसू थांबलं. वेढे जवळजवळ सुटले होते. तिनं मला ताणून आवळलं आणि खटका मिटला.

"बाबांना सांगायचं नाही," एवढंच ती नायजेलला म्हणाली.

तपासणी पार पडली. संध्याकाळी आम्ही परतलो, तर इलियम कुंपणाच्या खांबाशी खुर्ची टाकून बसला होता.

"थांबली होतीस?"

"हो."

"लांबशेपट्या कसा होता?"

"घट्ट होता, बाबा."

"खोटं बोलू नकोस, पोरी. मीच सैल सोडला होता. तुम्ही गेल्यावर आठवलं. फोन केला, तर तुझा फोन स्वयंपाकघरातच वाजला. तेव्हापासून ह्या लाकडाला हात लावून बसलोय."

व्होरीनं त्याचा हात खांबावरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

त्यानंतर इलियमनं इंजिन बांधलं नाही. मी खिळ्याला टांगलेला असतो. माझे धागे उसवलेत. व्होरीनं नवे पट्टे आणले, ते योग्यच केलं.

मित्रांनो, कुणी कितीही मायेनं बांधून दिलं, तरी दोन मैलांवर थांबा आणि हात लावून पाहा. त्यात बांधणाऱ्याचा अपमान नसतो. त्या दिवशी सबंध दुपार इलियम एकच आशा धरून बसला होता, की मुलीनं आपल्यावर विश्वास ठेवला नसावा.